सेल्फ मारला की नुसतं ‘टक’: दोन बॅटऱ्या बदलूनही न गेलेला त्रास

सकाळी सात वाजता किल्ली फिरवायची, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लख्ख लागायचे, हॉर्न ठणठणीत वाजायचा आणि सेल्फ मात्र ‘टक’ करून गप्प. कधी एकच टक, तर कधी सुतारपक्ष्यासारखी टरटर. चार-पाच वेळा किल्ली मारली की एकदम इंजिन सुरू व्हायचं आणि मग दिवसभर काही तक्रार नसायची. दोन दिवसांनी, कधी आठ दिवसांनी, पुन्हा तेच. सांगलीत हा त्रास मी अकरा महिने काढला. तेवढ्या काळात दोन बॅटऱ्या बदलल्या, डायनमो उघडून घेतला, सेल्फचे कार्बन, म्हणजे आतले ब्रश, बदलले. दोष निघाला तो वीतभर लांबीच्या एका पट्टीत. असाच त्रास असलेल्यांचे पैसे वाचावेत म्हणून सगळं तपशिलात लिहितो.

गाडी २०१२ ची, पेट्रोलवरची, छोटी. जुलै २०२१ च्या पुरात ती गावभागात उभी होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की आमच्याकडे सामान माळ्यावर चढवायला सुरुवात होते, पण त्या वेळी गाडी काढायला उशीर झाला. पाणी बंपरपर्यंत आलं, इंजिनात शिरलं नाही. धुऊन, ऑइल बदलून गाडी व्यवस्थित सुरू झाली आणि वर्षभर काहीच जाणवलं नाही. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीनंतर सेल्फ अडायला लागला तेव्हा पुराशी त्याचा संबंध असेल हे ना माझ्या डोक्यात आलं, ना गॅरेजवाल्यांच्या.

मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं, “बॅटरी गेलीय.” बॅटरी चार वर्षांची होती, म्हणून त्यांनीही फार न बघता नवी बसवली. पंधरा दिवस गाडी छान चालली. मग पुन्हा टक. दुसऱ्या गॅरेजमध्ये सांगितलं, “डायनमो चार्ज करत नाही.” त्यांनी हेडलाइट आणि एसी लावून बॅटरीवर मीटर धरला, १३.४ व्होल्ट आले. कमीच होते. डायनमो काढला, त्याची आयसी (आतला रेग्युलेटर) आणि कार्बन बदलले, वाइंडिंग तपासलं, पुन्हा बसवला. बॅटरीवर परत १३.४. त्यावर कुणी फारसा विचार केला नाही, कारण त्या दिवशी गाडी सुरू होत होती. महिन्याभराने मी म्हटलं, “सेल्फ गेलाय.” सेल्फ उतरला, साफ झाला, त्याचे कार्बन नवे पडले. मे महिन्यात दुसरी बॅटरी. प्रत्येक वेळी मी एका पार्टचं नाव घेऊन गेलो आणि प्रत्येक वेळी तोच पार्ट बदलून मिळाला.

पुढे मी नेटवर वाचायला लागलो. परदेशातले बरेच जण ‘ग्राउंड स्ट्रॅप’ तपासा असं सांगत होते. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका स्पेअर पार्टच्या काउंटरवर जाऊन ग्राउंड स्ट्रॅप मागितला. असा पार्ट येत नाही असं सांगून त्यांनी परत पाठवलं. आता कळतं की तो पार्ट त्यांच्या मागच्या हुकाला टांगलेला होता. आपल्याकडे त्याला अर्थिंगची पट्टी म्हणतात. अमेरिकन माणूस ज्याला ग्राउंड म्हणतो त्याला इंग्रज अर्थ म्हणतो, आणि आपल्या गॅरेजची सगळी भाषा इंग्रजांकडून आलेली. बोनेटला अमेरिकेत हूड म्हणतात, सायलेन्सरला मफलर, डिकीला ट्रंक. डिकी हा शब्द तर जुन्या मोटारींच्या मागच्या बाजूला उघडणाऱ्या डिकी सीटवरून राहिला. नेटवर अमेरिकन नावाने वाचायचं आणि सांगलीत काउंटरवर त्याच नावाने मागायचं, यात हातात आलेलं उत्तर निसटतं. माझ्या हातून ते दोन महिने निसटलं.

शेवटी एका मित्राने माधवनगर रस्त्याला बसणाऱ्या एका वयस्क वायरमनकडे नेलं. मी सवयीप्रमाणे सुरुवात केली, “काका, बॅटरी, डायनमो, सेल्फ सगळं झालंय…” त्यांनी हात वर केला. “पार्टचं नाव नका सांगू. काय हुतंय ते सांगा. आवाज कसला येतोय? लाइट मंद हुतीय का नाही?”

लाइट मंद होते का, हे मला अकरा महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं.

त्यांनी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली, हेडलाइट लावायला सांगितले आणि किल्ली मारायला सांगितली. टक. भिंतीवरचा उजेड जवळजवळ तसाच राहिला. “बॅटरीला काय धाड भरली नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी जंपर केबलची काळी वायर घेतली, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा थेट इंजिनाच्या उघड्या धातूला लावला. “मारा आता.” इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. वायर काढली, गाडी बंद केली, परत मारली: सेल्फ रडत रडत फिरला. वायर लावली: झटक्यात. पाच मिनिटांत निदान झालं, तेही मीटर न काढता.

यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. गाडीत प्लसची वायर प्रत्येक पार्टपर्यंत जाते, पण मायनसची परतीची वाट बहुतेक ठिकाणी पत्र्यातून, म्हणजे चेसिस आणि बॉडीतून असते. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चेसिसपर्यंत तांब्याच्या बारीक तारांची विणलेली एक चपटी पट्टी टाकतात. सेल्फ इंजिनाला बोल्टने बसवलेला, डायनमोही इंजिनालाच. दोघांचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत येतो. माझ्या गाडीत पट्टीचं चेसिसकडचं टोक खाली होतं, पुराच्या पाण्यात बुडालेलं. गाळ बोल्टखाली बसला, वर्षभरात पत्रा गंजला, तारा आतून हिरव्या पडून तुटत गेल्या.

आता हिशेब बघा. समजा त्या जागी फक्त ०.०२ ओहमचा अडथळा तयार झाला. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो. १५० धरले तर १५० गुणिले ०.०२, म्हणजे ३ व्होल्ट त्या पट्टीतच खर्च झाले. बॅटरी कितीही नवी असली तरी सेल्फला पोचतात आठ-साडेआठ व्होल्ट. ५५ वॅटच्या एका हेडलाइटला मात्र साडेचार अँपिअरच लागतात. एवढासा अडथळा त्याच्या वाटेत आला तरी ०.१ व्होल्टसुद्धा कमी होत नाही, आणि माझ्या गाडीत तर हेडलाइटची परतीची वाट त्या पट्टीतून जातच नव्हती. म्हणून दिवे लख्ख, हॉर्न ठणठणीत आणि सेल्फ गप्प.

डायनमोचं कोडंही इथेच सुटतं. दिवे, ब्लोअर, एसीचा फॅन आणि बॅटरीचं चार्जिंग मिळून ४० अँपिअर धरले तर पट्टीत ०.८ व्होल्ट गेले. डायनमो १४.२ देत होता, बॅटरीला मिळत होते १३.४. त्या गॅरेजने मीटर बॅटरीवर धरला तसा एकदा डायनमोच्या जाड बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर धरला असता, तर डायनमो निर्दोष आहे हे तिथेच कळलं असतं. आणि रोज अर्धपोटी राहिलेल्या बॅटऱ्या लवकर उतरत होत्या, यात त्या बॅटऱ्यांचा काही दोष नव्हता. बदललेली पहिली बॅटरी तरी अजून वापरता आली असती असं मला वाटतं.

आणखी एक खूण होती, ती मला नंतर कळली. इंजिनाला परतीची वाट मिळाली नाही की करंट दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरच्या तारेतून, गिअरच्या केबलमधून. सेल्फ बराच वेळ मारल्यावर ॲक्सिलरेटरची तार कोमट लागते असं मी एकदा म्हणालो होतो, पण कुणी मनावर घेतलं नाही. तुमच्या गाडीत अशी तार असेल आणि ती सेल्फ मारल्यावर गरम लागत असेल, तर दुसरं काही बघण्याआधी अर्थिंग बघा.

एका गॅरेजने ती पट्टी तपासलीही होती! मीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकांना लावला, बीप वाजला, “अर्थिंग ओके.” इथेच बहुतेक जण फसतात. शंभरातली एक तार जोडलेली असली तरी बझर वाजतो, कारण मीटर अगदी नावापुरता करंट पाठवतो. ओहम मोजूनही उपयोग नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.०२ ओहमपेक्षा कितीतरी जास्त दाखवतात. पट्टीची परीक्षा तिच्यातून खरा करंट जात असतानाच घ्यावी लागते.

ती अशी घ्यायची. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला तर इंजिन सुरू न होता सेल्फ नुसता फिरेल. मीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर. टर्मिनलच्या पट्ट्यावर नको, खांबावरच, म्हणजे टर्मिनल सैल असेल तर तेही पकडलं जातं. लाल पिन इंजिनाच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. दुसऱ्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवा. माझ्या गाडीत २.८ आला. मग काळी पिन तिथेच ठेवून लाल पिन चेसिसवर लावली: ०.०८. म्हणजे बॅटरी ते चेसिस चांगलं, चेसिस ते इंजिन खराब. दोष कुठल्या तुकड्यात आहे हे असं एकेक टप्पा पुढे सरकत सापडतं. प्लसच्या बाजूलाही हेच: लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, काळी पिन सेल्फच्या जाड बोल्टवर, आणि सेल्फ फिरताना ०.५ च्या वर जायला नको.

काम करताना बॅटरीचं मायनस टर्मिनल आधी काढलं आणि सगळ्यात शेवटी लावलं. हा क्रम उलटा केला आणि प्लस सोडवताना पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी पडते. खालचा बोल्ट सुटताच तपकिरी भुकटी सांडली. चेसिसवरची जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली, गिअरबॉक्सकडची जागाही. नवी पट्टी टाकली, दातेरी वॉशर घातला, बोल्ट गच्च आवळला आणि त्यानंतर वरून ग्रीस लावलं. ग्रीस आधी लावून मग आवळणारे बरेच आहेत, पण धातूला धातू आधी भिडला पाहिजे, ग्रीसचं काम पाणी बाहेर ठेवायचं. पट्टी साडेतीनशे रुपयांची, मजुरी दोनशे. नंतर मोजलं तर सेल्फ मारताना ०.१२ व्होल्ट, आणि दिवे-एसी लावून बॅटरीवर १४.१.

प्रत्येक ‘टक’ अर्थिंगचीच असते असं नाही, म्हणून आवाजावरून काय ओळखायचं तेही सांगतो. किल्ली मारल्यावर दिवे एकदम मंद होऊन टरटर आवाज येत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. सेल्फवरचं सॉलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच, ओढतं, मोटरने करंट घेतला की व्होल्टेज कोसळतं, सॉलेनॉइड सुटतं, पुन्हा ओढतं, म्हणून टरटर. दिवे तसेच आणि एकच घट्ट टक: सॉलेनॉइड ओढतंय पण मोटर फिरत नाही. मग सॉलेनॉइडच्या आतले तांब्याचे पॉइंट जळालेले, कार्बन झिजलेले किंवा अर्थिंग. टकसुद्धा नसेल तर सेल्फपर्यंत सिग्नलच पोचत नाही: रिले, इग्निशन स्विच, बारीक वायर, आणि काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबला नसेल तरी. आणि सेल्फ भर्रकन फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणारा दातेरी भाग.

बॅटरी बघायची असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बोनेट उघडून मोजा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ फिरताना ती साडेनऊच्या खाली जाऊ नये. रोज रात्री भरलेली बॅटरी सकाळी उतरत असेल तर कुठेतरी करंट गळतोय. सगळं बंद करून अर्धा तास थांबून मोजलेली गळती ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी तेवढ्याने महिनाभर तरी पूर्ण रिकामी होत नाही. पण बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम अर्धा अँपिअर खात राहिला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे तीन दिवस गाडी उभी राहिली की संपलं. गळती मोजताना मीटर अँपिअरवर असतो. तेव्हा चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आता शब्दांबद्दल, कारण माझे निम्मे पैसे शब्दांत गेले. सेल्फ म्हणजे सेल्फ-स्टार्टर. त्याआधी इंजिनाला पुढून हँडल मारावं लागायचं. हँडल गेलं, तरी आपण अजून सेल्फ ‘मारतो’च. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला. त्यांच्याच डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांचं नाव डेल्को, आणि जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही डेल्को म्हणतात. एकाच माणसाच्या दोन खुणा आपल्या गॅरेजमध्ये शंभर वर्षांनी नांदताहेत, याचं मला खरंच अप्रूप वाटतं. बेंडिक्स हेही व्हिन्सेंट बेंडिक्स यांचं आडनाव. आजच्या सेल्फमधला पिनियन वेगळ्या रचनेचा असतो, नाव मात्र तेच.

डायनमो म्हणतो ते आता अल्टरनेटर असतं. खरा डायनमो डीसी द्यायचा, आणि इंजिन मंद चालताना बॅटरीतला करंट उलटा डायनमोत जाऊ नये म्हणून मध्ये कटआउट असायचा. अल्टरनेटर एसी तयार करतो, त्याचे डायोड तो डीसी करतात आणि उलटा करंटही अडवतात, म्हणून कटआउटची गरज उरली नाही. शब्द मात्र उरला, आणि आता काही जण तो रेग्युलेटरसाठी वापरतात. रेग्युलेटर अल्टरनेटरच्या आतच असतो, त्याला वायरमन आयसी म्हणतात. “कटआउट बदलायला लागेल” असं कुणी म्हणालं तर नेमका कुठला पार्ट, तो हातात घेऊन दाखवायला सांगा. कार्बन म्हणजे ब्रश. ते सेल्फलाही असतात आणि डायनमोलाही, तेव्हा “कार्बन गेलेत” ऐकल्यावर कशाचे, हे विचाराच. मी ते विचारलं नव्हतं, आणि दोन्हीकडचे बदलून बसलो.

हे शब्द चुकीचे आहेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. मिस्त्री लोकांनी ते पिढ्यान्पिढ्या सांभाळलेत आणि काउंटरवर तेच चालतात. गॅरेजमध्ये जाताना मी आता एक चिठ्ठी नेतो: कधी होतं, गाडी गार असताना की गरम, आवाज कसा, दिवे मंद होतात का, पाऊस किंवा धुलाई झाल्यावर वाढतं का. पार्टचं नाव त्यात लिहीत नाही.

पुरात चाकाच्या वर पाणी लागलेल्या गाड्या सांगलीत, सांगलीवाडीत, कोल्हापूर रस्त्याला भरपूर आहेत. २०१९ च्या ऑगस्टमधल्या आहेत, २०२१ च्या आहेत. गाडी आज सुरळीत चालत असली तरी एकदा खालून अर्थिंगचे सगळे बोल्ट उघडून, घासून परत आवळून घ्या. एकाच पट्टीवर थांबू नका: बॅटरी ते चेसिस, चेसिस ते गिअरबॉक्स, आणि पुढच्या पत्र्यावर हेडलाइटच्या मागे असतो तो वायरिंगचा अर्थिंग पॉइंट. डिझेल गाडीचा सेल्फ पेट्रोलपेक्षा बराच जास्त करंट ओढतो, तिथे थोडासा गंजही लवकर जाणवतो.

थांबल्यावर आपोआप बंद होणाऱ्या नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर बऱ्याचदा एक छोटा सेन्सर असतो. अशा गाडीला जंपर लावताना किंवा बाहेरून चार्जर जोडताना काळा चिमटा त्या टर्मिनलला न लावता इंजिनाच्या किंवा चेसिसच्या दिलेल्या पॉइंटला लावा. तो पॉइंट कुठे आहे हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासह असतं.